दंड सारखा, शिक्षा वेगळी

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाचे एक ठरलेले भाषण असते. तिथे कायदा म्हणजे कायदा. शेख असो की मजूर, सिग्नल तोडला की दंड. हवालदाराच्या हातात शंभराची नोट सरकवून सुटता येत नाही. कॅमेरा कुणाची जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. लग्नाच्या मांडवात, नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर हे भाषण आपण सर्वांनी ऐकले आहे आणि माना डोलावल्या आहेत. त्यातला निम्मा भाग खरा आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो सांगितला तर परदेशाची शान कमी होते.

आधी खरा भाग. सौदी अरेबियाने 2010 साली रस्त्यांवर कॅमेऱ्यांची यंत्रणा आणली. तिचे नाव 'साहेर'. उर्दू शिकलेल्या आपल्या पोरांना हे नाव ऐकून जादूगार आठवतो, पण तो साहिर मोठ्या 'हे'चा. हा छोट्या 'हे'चा, म्हणजे रात्रभर जागा असणारा. नाव अगदी चपखल आहे, तो खरेच झोपत नाही. सौदीत 2016 मध्ये नऊ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. पुढच्या सहा-सात वर्षांत हा आकडा साधारण निम्म्यावर आला. वाचलेल्यांत आपल्या खेड-चिपळूणची, म्हसळा-श्रीवर्धनची माणसेही असणारच. तेव्हा माझे भांडण कॅमेऱ्याशी नाही. सिग्नल तोडणाऱ्याची वकिली करायलाही मी बसलेलो नाही.

भांडण आहे ते 'सर्वांना सारखा' या शब्दांशी. सौदीत लाल सिग्नल ओलांडला तर दंड 3000 ते 6000 रियाल. गाडी चालवताना मोबाईल हातात धरला तर 500 ते 900. आता एखाद्या घरात ड्रायव्हर म्हणून राबणाऱ्या आपल्या मुलाचा पगार 1500 रियाल धरा. एका सिग्नलला त्याची किमान दोन महिन्यांची कमाई गेली. ज्याचा पगार तीस हजार रियाल आहे, त्याची तीन दिवसांची गेली. कॅमेऱ्याने दोघांना सारखे पाहिले हे कबूल. पण एकाच्या घरी त्या दोन महिन्यांत बहिणीच्या लग्नाचा हप्ता थांबला आणि दुसऱ्याच्या घरी कुणाला कळलेही नाही. याला आपण समानता म्हणतो? फिनलंडमध्ये गंभीर वेगभंगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. 2023 मध्ये अँडर्स विक्लॉफ नावाच्या कोट्यधीशाने ताशी 50 किलोमीटरच्या पट्ट्यात 82 ने गाडी हाकली, तेव्हा त्याला 1 लाख 21 हजार युरो भरावे लागले. दंड टोचायचा असेल तर तो असा टोचतो. आमचे वक्ते फिनलंडला गेलेले नसतात, हे मान्य.

बरे, पैशाचेही सोडा. तिथल्या नागरिकाचा दंड बहुधा पैशावर संपतो. परदेशी माणसाच्या दंडाला शेपूट असते. सौदीत इकाम्यावर दंड बाकी असेल तर खुरूज-औदा, म्हणजे घरी जाऊन परत येण्याची परवानगी, मिळत नाही. कुवेतने ऑगस्ट 2023 मध्ये नियम केला की परदेशी माणसाने थकीत दंड भरल्याशिवाय देश सोडायचा नाही. कतारने 1 सप्टेंबर 2024 पासून असाच निर्बंध जाहीर केला. कुणी म्हणेल, कतारचा नियम सर्वांना आहे. असू द्या. ज्याचे घर तिथेच आहे त्याची फार तर सहल बुडते. आमच्या माणसाचे घर दर्यापार आहे. आणि कुवेतने 2013 मध्ये काय केले ते आठवा. लाल सिग्नल, बेफाम वेग, विनापरवाना गाडी अशा गुन्ह्यांसाठी काही आठवड्यांत हजाराहून अधिक परदेशी माणसे देशाबाहेर काढली. हाच सिग्नल कुवेती माणसाने तोडला तर त्याला हाकलून कुठे पाठवणार? दुबईत वर्षात 24 काळे गुण झाले की लायसन जप्त. साहेबाचे लायसन गेले तर साहेब ड्रायव्हर ठेवतो. ड्रायव्हरचे लायसन गेले तर नोकरी जाते, आणि नोकरीच्या खुंटीला व्हिसा टांगलेला असतो.

माझा एक माजी विद्यार्थी रियाधला एका घरी ड्रायव्हर आहे. नाव सांगत नाही, त्याची नोकरी अजून चालू आहे. बापाचे ऑपरेशन ठरले म्हणून त्याने सुट्टी मागितली, तेव्हा त्याला प्रथम कळले की आपल्या नावावर चार दंड उभे आहेत. 'अबशिर' या सरकारी सेवेत त्याच्या खात्याला मोबाईल नंबर होता कफीलचा. संदेश तिकडे जात होते आणि तिथेच पुसले जात होते. चारपैकी दोन दिवशी गाडी कफीलचा पोरगा चालवत होता. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत असते, ती केव्हाच गेली होती. पैसे जमवून, भरून तो गावी पोचला तेव्हा बाप घरी येऊन हिंडू-फिरू लागला होता. त्याचे नशीब. सगळ्यांचे असे नसते.

असा घरचा ड्रायव्हर सौदीच्या कामगार कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो मोलकरणीच्या, आचाऱ्याच्या रांगेतला. त्यांच्यासाठी 2013 साली वेगळे नियम झाले. कंपनीतल्या कामगाराच्या पगारातून किती कापायचे याला कामगार कायद्यात मर्यादा आहे. त्या मर्यादेचा आधार याला नाही. सौदी सरकारने 18 एप्रिल 2024 पूर्वीच्या थकीत दंडांवर 50 टक्के सूट दिली आणि तिची मुदत वाढवत एक वर्ष चालू ठेवली. ज्यांना कळले त्यांनी अर्ध्यात हिशेब मिटवला. ज्यांना कुणी सांगितले नाही, ते पुढे पूर्ण रक्कम भरत बसले.

आता वाचकहो, थोडे आपल्याकडे वळू. या मुलांना पाठवतो कोण? आपण. त्यांच्या पैशावर मशिदीचे मिनार उंच होतात, जमातीच्या हॉलला टाइल्स बसतात, आमच्या शाळेच्या गॅदरिंगला देणगीदार म्हणून त्यांचीच नावे वाचली जातात. त्या बदल्यात निघताना आपण त्यांना काय देतो? एक हार, दुआ आणि विमानतळापर्यंत भाड्याची जीप.

सरकारचेही ऐका. दहावी न झालेल्या मजुराच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. त्याच्यासाठी 2018 पासून एक दिवसाचे का होईना, जाण्यापूर्वीचे प्रशिक्षण सुरू झाले. दहावी पास मुलगा या तपासणीतून मोकळा, म्हणून त्याची वाटेत कुणाशी गाठच पडत नाही. म्हणजे आम्ही त्याला घासून-पुसून दहावी पास करायचे आणि त्या सर्टिफिकेटनेच त्याला वाऱ्यावर सोडायचे!

त्यात गंमत अशी की या कामाची निम्मी हत्यारे उर्दू शाळेत पडून आहेत. आमचा मुलगा अरबी लिपी वाचतो. दंडाच्या नोटिशीतले शब्द त्याच्या ओळखीचे आहेत, फक्त त्यांनी तिथे कपडे बदललेत. उर्दूत मुखालिफत म्हणजे विरोध. तिथे मुखालफा म्हणजे वाहतुकीचा गुन्हा. रुख़सत म्हणजे निरोप. तिथे रुख़्सा म्हणजे लायसन. मुरूर-ए-वक़्त आपण निबंधात लिहितो. तिथे मुरूर म्हणजे वाहतूक खाते. सुरअत म्हणजे वेग, तजावुज म्हणजे मर्यादा ओलांडणे, इशारा म्हणजे सिग्नल, हे तर जसेच्या तसे. ही लिपी न येणाऱ्या मुलाला जे मुळापासून घोकावे लागते, ते आमच्या मुलाला पंधरा दिवसांत येईल. पण मीर-गालिबच्या जबानीचा असा बाजारी उपयोग करायचा म्हटले की आमच्याच सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपण काय ड्रायव्हर घडवायला बसलो आहोत, असे मला स्टाफरूममध्ये विचारण्यात आले. नाही घडवत. डॉक्टरच घडवू. पण जो वर्गाच्या तिसऱ्या बाकावरून उठून ड्रायव्हर व्हायला निघालाच आहे, त्याने नोटीस वाचायला शिकू नये का?

साठेक शब्द पुरेत. त्यासोबत एवढे सांगा : अबशिरवर नंबर स्वतःचाच हवा, तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. दर महिन्याला दंड तपासायचा. गाडी दुसऱ्याने चालवली तर तारीख आणि वेळ वहीत टिपायची. हरकत तीस दिवसांत. पोलिसापुढे पाकीट काढायचे नाही. इथे जे चहापाणी आहे, तो तिथे तुरुंग आहे. याला कुणाची मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. जमातीचा हॉल रिकामाच असतो, आणि सुट्टीवर आलेले दोन जुने ड्रायव्हर प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात. त्यांचे ते ठरलेले भाषण थांबवून त्यांना फळ्यापाशी उभे करा आणि विचारा, भाई, तुमचे स्वतःचे किती रियाल गेले, आणि कशापायी?