पेटी गाडीत, पाय रस्त्यावर



मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोचला. कसतो त्या वनजमिनीच्या हक्कासाठी निघालेल्या आदिवासी बायांचे सोललेले तळपाय साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिले. कौतुकही झाले. मला त्या कौतुकाचा रागच येतो. पायाची सालटी निघणे हे काही शौर्य नव्हे, ते बरेचसे टाळता येते.

मोर्चात औषधांची पेटी असतेच. पण ती गाडीत, आणि गाडी पुढाऱ्यांबरोबर. मागे लेकरू घेऊन चालणारीपर्यंत ती पोचत नाही. म्हणून प्रत्येकीच्या कमरेला स्वतःची पिशवी हवी: निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, जलसंजीवनीची दोन पाकिटे, पाळीच्या घड्या, रोजच्या गोळ्या. फोड फोडू नये, झाकावा. पाकीट संपले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चिठ्ठीवर नाव, आजार, न चालणारे औषध आणि एक फोन नंबर. तो नवऱ्याचाच हवा असे नाही.

पिशव्या बायांनी शिवायच्या आणि पैशांचे नंतर बघू, हे मात्र नको. मोर्चाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम झेंड्यांच्या आधी मांडा.