हिवाळी रानजीवन आणि कुंपणातील वीज

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला म्हणजे मोर्शीच्या परिसराचे रूप पालटते. पऱ्हाटीच्या अखेरच्या वेचण्या चालू असतात, हरभरा फुलावर येतो, आंबिया बहाराचा संत्रा झाडावर पिवळा होऊ लागतो आणि सातपुड्यावरून उतरणारा वारा अंगास झोंबतो. याच दिवसांत शेतकरी घोंगडे व कंदील घेऊन रात्री वावरात राहावयास जातो, आणि याच दिवसांत रानातील व आकाशातील प्राणीही त्याच्या वावराकडे वळतात. या प्राण्यांत पाहुणा कोण, मित्र कोण आणि चोर कोण, हे ओळखण्याचा विवेक आपण सोडीत चाललो आहो, असे आम्हास वाटते. म्हणून हे चार शब्द.

प्रथम पाहुण्यांविषयी. सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण झाल्यापासून नल-दमयंती सागराच्या विस्तीर्ण जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरू लागले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट व मंगोलियाकडील सरोवरांवर वीण करून हिमालय ओलांडून येतो. तांबूस अंगाचा चक्रवाकही उत्तरेकडूनच येतो. ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग विदर्भाच्या अरण्यांत वनाधिकारी म्हणून गेला, त्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी अशा पक्ष्यांची ओळख मराठी वाचकांस करून दिली. आता शहरातील मंडळी दुर्बिणी घेऊन धरणावर येतात. त्यांचे स्वागतच असो. परंतु जलाशयाचे पाणी ओसरते तसतशी जी गाळपेर जमीन उघडी पडते, तीवरील कोवळ्या गव्हा-हरभऱ्यावर हे हंस पहाटे चरतात, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे. पाहुण्यांच्या दर्शनाचा आनंद सर्वांचा. त्यांच्या भोजनाचा खर्च मात्र शेतकऱ्याचा.

दुसरा वर्ग मित्रांचा. हरभऱ्यावरील घाटेअळी कोतवाल, साळुंकी व भोरडी हे पक्षी आवडीने वेचतात. म्हणूनच पिकात काठ्या रोवून पक्षिथांबे करावेत, असा सल्ला कृषिखाते देत असते. पिंगळा व घुबड रात्री उंदीर धरतात, कोल्हाही उंदरांवर बराच जगतो. धुऱ्यावरील बाभूळ व बोरीची झुडपे तोडून धुरा निर्मळ केला म्हणजे हे मित्र निराश्रित होतात आणि त्यांचे काम मग फवाऱ्याने, पैसे मोजून, करावे लागते.

तिसरा वर्ग चोरांचा, आणि खरा प्रश्न येथेच आहे. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा खुडून व तुडवून टाकतो, नव्या संत्रा-कलमांच्या फांद्या मोडतो. रानडुकरे तर उभे पीक आडवे करून जमीनही उकरतात. वर्षभराची मेहनत सकाळी मातीस मिळालेली पाहणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर प्रसंग आला त्यासच कळावे. ‘प्राणी वाचवा’ एवढाच उपदेश करणाऱ्याने मार्गशीर्षातील एक रात्र वावरात काढावी, मग बोलावे.

पण या संकटावर जो उपाय गुपचूप योजला जातो, त्याचा निषेध केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. कुंपणाच्या तारेत खांबावरील विजेचा प्रवाह सोडणे, हा तो उपाय होय. त्या तारेस डोळे नाहीत. ती डुकरास ओळखीत नाही, तशी शेजाऱ्यासही ओळखीत नाही. कृषिपंपांस अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्रीच वीज मिळते. तेव्हा काळोखात, ओल्या पायांनी, पाण्याचे बारे फिरवावयास जो निघतो तो कोण? आपलाच भाऊ, आपलाच सालदार. मातीतून उंदीर धरणारा कोल्हा त्याच तारेवर मरतो आणि गोठ्यातून सुटलेली गायही मरते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यात एक वाघीण अशाच तारेवर मेली. तिने माणसे मारली होती व तिला ठार करण्याचा हुकूमही सुटला होता. परंतु शिकाऱ्याच्या गोळीपूर्वी शेतातील तारेनेच तिचा अंत केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे ‘श्रीनिवास’ नावाचा तरुण वाघ असाच गेला. जो प्राणी डुकरे व रोही मारून आपले काम हलके करतो, त्यासच आपण मारीत आहो. वाघ-लांडगे हटले, बागाइतामुळे बारमाही चारा व दाट आसरा मिळाला, मग चोर वाढावेत यात नवल ते काय!

‘तर मग सरसकट मारण्याची परवानगी द्या,’ असे कोणी म्हणतील. बिहारात २०१५ च्या अखेरीस रोही व रानडुक्कर यांस उपद्रवी ठरविण्यात आले आणि २०१६ साली मोकामा भागात बंदूकवाले आणवून शेकडो रोही मारण्यात आले. उपद्रवी जनावर नियमाप्रमाणे परवानगी घेऊन मारण्यास आमचा विरोध नाही. परंतु डुकरीण एका वेतास चार-सहा पिल्ले देते. आसरा व चारा तसाच राहिला तर रिकामी जागा पुन्हा भरते. केवळ बंदुकीवर विसंबणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी गावाने मिळून कराव्यात. एक, जागल एकेकट्याने न करता शिवारवार पाळ्या लावून करावी. दहा वावरांस दहा माणसे जागण्यापेक्षा तिघे फिरते राहिले तर झोपही मिळते व सोबतही. दुसरी, कुंपण घालावयाचेच तर सौर झटका-कुंपण सामाईक घालावे. त्यात वीज अखंड वाहत नाही. क्षणाच्या अल्पांशापुरता झटका थांबून थांबून बसतो, त्याने जनावर हटते, मरत नाही. मात्र ते तयार यंत्राचेच असावे, खांबावरील विजेस जोडलेले नव्हे. तिसरी, नुकसान होताच तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करवावा. आळसाने वा कंटाळ्याने अर्ज न करणारा स्वतःचा हक्क बुडवितोच, शिवाय नुकसान किती झाले हे सरकारदप्तरी उमटू देत नाही. चौथी, दिवसा वीज मिळावी यासाठी एकजुटीने मागणी लावून धरावी. २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना याच हेतूने निघाली; ती आपल्या शिवारापर्यंत पोहोचेतो स्वस्थ बसू नये. दिवसा पाणी देता आले, तर पौषाच्या रात्री वावरातून वावरात अनवाणी फिरण्याचे कारणच उरणार नाही.

सरकारनेही भरपाईचा पैसा पुढील पेरणीपूर्वी हाती पडेल अशी व्यवस्था केली पाहिजे. उशिरा आलेली मदत सावकाराच्या व्याजातच जाते, आणि तिची वाट पाहून थकलेला माणूसच शेवटी खांबावर आकडा टाकतो.

आमचे शेतकरी बंधूंस एवढेच मागणे आहे की, ग्रामसभेत या विषयाची चर्चा करून ‘आमच्या शिवारात प्रवाही तार राहणार नाही’ असा ठराव करावा व तो पाळावा. एक रात्र पीक गेले तर पुढल्या हंगामात ते पुन्हा पेरता येते. पाणी वळवावयास गेलेला पोर पहाटे घरी परतला नाही, तर त्याची भरपाई कोणत्याही पंचनाम्याने होत नाही.