महाडवर विचारायचे तर नेमके विचारा



२० मार्च जवळ आला की अलिबागपासून महाडपर्यंत आपल्या पोरांच्या मोबाईलवर एकच उद्योग सुरू होतो. एआयला सांगायचे, 'महाड सत्याग्रहावर भाषण लिहून दे', आणि येईल ते व्यासपीठावर वाचायचे. त्यात समता असते, बंधुता असते, पाणीही असते. ते पाणी अडवणारे मात्र गायब असतात.

दोष यंत्राचा आहेच. ते ज्या मजकुरावर पोसले गेले तो बहुतांशी कोणी लिहिला, हे वेगळे सांगायला नको. पण म्हणून 'ही त्यांची यंत्रे, हात लावू नका' म्हणणारे आमचे काही ज्येष्ठ आम्हाला मान्य नाहीत. छापखाने तरी कुठे आपले होते? बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलेच ना!

तेव्हा विचारायला शिका. त्यासाठी फी भरून क्लास लावायची गरज नाही. असे लिहून बघा:

'१९२७ च्या महाड सत्याग्रहावर वस्तीतल्या तरुणांसमोर पाच मिनिटे बोलायचे आहे. क्रम असा ठेव: १९२३ चा बोले ठराव, तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव, २० मार्च, त्याच दिवशीचा हल्ला, तळ्याचे शुद्धीकरण, २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. प्रत्येक वाक्यात कर्ता लिही. बाबासाहेबांच्या तोंडी एकही अवतरण घालू नकोस. खात्री नसेल तिथे तसे सांग.'

कोणासाठी, किती वेळ, काय घ्यायचे, काय टाळायचे, एवढे सांगितले की झाले. त्यातही कर्त्याची अट सोडू नका. 'हल्ला झाला' हे वाक्य वादळाच्या बातमीसारखे आहे. वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी अफवा उठवून सवर्णांनी परिषदेला आलेल्यांना मारहाण केली, हे वाक्य इतिहास आहे. मोघम विचाराल तर पहिलेच मिळेल, कारण ते कोणालाच बोचत नाही.

अवतरणांचे म्हणाल तर बाबासाहेबांच्या नावावर खोटी वाक्ये फिरवायला आपल्या लोकांना एआयची वाट बघावी लागली नव्हती. यंत्र तेच काम जास्त सफाईने करते. शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे'च्या खंडांत वाक्य सापडले नाही तर ते वापरू नका.

आता कोणी म्हणेल, एवढे तपशील माहीत असते तर यंत्राला कशाला विचारले असते? बरोबर! आधी वाचावे लागते. वाचलेल्याची मांडणी करायला, भाषा सोपी करायला, सुटलेले दुवे शोधायला यंत्र. अत्याचाराच्या तक्रारीचा मसुदा करतानाही हेच, फक्त तिथे पीडिताचे नाव, गाव, फोन यंत्रात घालू नका.

पुढचा प्रश्न चरीचा घ्या. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. या दोन्हींचा संबंध नावे आणि वर्षे घालून विचारा. उत्तर आले की गावातल्या जुन्या माणसांना वाचून दाखवा, आणि ते जिथे अडवतील ती दुरुस्ती पुढच्या प्रश्नात घाला.