लॅक्रॉसची काठी आणि शिष्यवृत्तीचा हिशेब

लॉर्ड मिंटो हे नाव मराठी वाचकांना १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे ठाऊक आहे. हेच मिंटो हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होण्यापूर्वी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते आणि तेथे असताना १९०१ साली त्यांनी लॅक्रॉस या खेळासाठी एक चषक दिला. १९३७ पासून हा मिंटो चषक कनिष्ठ गटाच्या अजिंक्यपदासाठी खेळला जातो. आज त्यासाठी झुंजणाऱ्या अनेक कॅनेडियन तरुणांची नजर मात्र सीमेपलीकडील अमेरिकन महाविद्यालयांकडे लागलेली असते. खेळाच्या बळावर परदेशात उच्च शिक्षण, ही कल्पना मोहक खरी. तिच्यामागील अर्थकारण तितकेसे मोहक नाही. आणि २०२५ साली त्याची चौकटच बदलली असल्याने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत व फेकत प्रतिस्पर्ध्याच्या गोलात घालावयाचा, असा हा खेळ. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची, विशेषतः हौदेनोसौनी राष्ट्रसंघाची, ती देणगी आहे. कॅनडाने १९९४ च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय उन्हाळी खेळाचा दर्जा दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या स्पर्धांसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसचीही निवड झाली.

ऑन्टारिओतील मुलगा हिवाळ्यात ज्या बंदिस्त रिंगणात बर्फावरील हॉकी खेळतो, तेथेच उन्हाळ्यात बर्फ काढल्यावर सहा-सहा जणांचे लॅक्रॉस खेळतो. अमेरिकन महाविद्यालयांत पुरुषांचा खेळ खुल्या मैदानावर, दहा-दहा जणांचा असतो. अरुंद जागेत तयार झालेली हातांची चपळाई मोठ्या मैदानावर उठून दिसते, म्हणून तेथील प्रशिक्षकांना कॅनडातील मुले हवी असतात. व्हिक्टोरियाचे जुळे बंधू गॅरी आणि पॉल गेट यांनी सिरॅक्यूज विद्यापीठाला १९८८ व १९८९ ची अजिंक्यपदे मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, तेव्हापासून हा रस्ता अधिकच रुळला.

पूर्ण नव्हे, चार आणे

पालकांचा पहिला गैरसमज ‘शिष्यवृत्ती’ या शब्दापासूनच सुरू होतो. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेच्या प्रथम विभागात पुरुषांच्या लॅक्रॉस संघाला अनेक वर्षे १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती आणि ती रक्कम खेळाडूंत वाटून देण्याची मुभा होती. पन्नास जणांचा संघ धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला रुपयातले सरासरी चार आणे येतात. काही नामांकित खासगी विद्यापीठांतील शिक्षण, निवास व भोजनाचा वार्षिक खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. त्यातील चौथा हिस्सा माफ झाला, तरी साठ हजार डॉलर पालकांनाच उभे करावे लागतात. हार्वर्ड, येल, कॉर्नेल आदी ‘आयव्ही लीग’मधील विद्यापीठे आणि तृतीय विभागातील महाविद्यालये तर खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत, तेथे मिळते ती गरजेवर किंवा अभ्यासातील गुणवत्तेवर आधारलेली मदत.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९७३ पासून जवळजवळ चार दशके ही शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षासाठी दिली जात असे. अनेक वर्षांची हमी देण्याची परवानगी पुन्हा मिळाली ती २०१२ पासून. परवानगी मिळाली, सक्ती झाली नाही. पूर्वी प्रशिक्षक आठवी-नववीतील मुलांचे तोंडी होकार मिळवून ठेवीत. २०१७ च्या नियमाने अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी लॅक्रॉसपटूंशी बोलणी करण्यास बंदी झाली, हे योग्यच झाले. तथापि प्रशिक्षकांच्या नजरेत भरण्यासाठी लागणारी शिबिरे, क्लबांच्या स्पर्धा आणि प्रवास यांचा खर्च त्याआधीच होऊन गेलेला असतो. म्हणजे ज्याच्या घरी आधी गुंतवण्याइतका पैसा आहे, त्यालाच पुढे सवलतीची आशा धरता येते. गुणवत्तेची ही चाळण प्रत्यक्षात बरीचशी उत्पन्नाची चाळण ठरते.

नव्या व्यवस्थेतील लॅक्रॉस

जून २०२५ मध्ये एका अमेरिकन न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा उठल्या आणि ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांवर संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. पुरुषांच्या लॅक्रॉससाठी ती ४८ आहे. त्याचबरोबर २०२५-२६ या वर्षात खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत थेट मोबदला देण्याची मुभा प्रत्येक महाविद्यालयाला मिळाली. वरवर पाहता ही सर्वच खेळाडूंची सरशी आहे. परंतु पैसा मिळवून देतात ते अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल. मोबदल्याचा सिंहाचा वाटा त्यांच्याकडेच जाणार. शिष्यवृत्त्या वाढविण्यास कायद्याची आडकाठी उरली नसली, तरी अंदाजपत्रकाची आहेच. परदेशी खेळाडूची अडचण आणखी निराळी. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे उत्पन्न मिळविता येते; पण विद्यार्थी व्हिसावर कामाची बंधने असल्याने त्या उत्पन्नाच्या मागे लागणे म्हणजे प्रसंगी व्हिसाच धोक्यात घालणे होय.

हा प्रश्न केवळ कॅनडाचा नाही. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ मध्ये महाविद्यालयीन एकेरीचे अजिंक्यपद मिळविले; दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात उंच उडी घेत शिकला. त्यांची उदाहरणे पाहून आपल्याकडील पालकही हा मार्ग धरू लागले, तर नवल नाही. मात्र यशस्वी झालेल्यांची नावे सर्वांना कळतात आणि चार आण्यांच्या सवलतीपायी कर्ज काढणाऱ्यांची कोणालाच कळत नाहीत, हे विसरता कामा नये.

अशा वेळी पालकांनी प्रशिक्षकाच्या गोड बोलण्यापेक्षा एका साध्या प्रश्नाला अधिक किंमत द्यावी: पहिल्याच वर्षी मुलाचा पाय मोडला आणि खेळ कायमचा सुटला, तरी त्याने याच महाविद्यालयात, याच खर्चात शिकावे असे आपल्याला वाटेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर खेळाने मिळवून दिलेली सवलत हा निव्वळ लाभ होय. ते नकारार्थी असेल, तर ज्याला शिक्षण म्हटले जात आहे तो मुलाच्या गुडघ्यावर लावलेला जुगार आहे. आणि त्यात हरल्यास पैसे भरावयाचे आहेत ते पालकांनाच.