फवारणीवरचा कर उपचारालाही लागावा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यातली कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरणाऱ्यांच्या तोंडावर, डोळ्यांवर औषधाचा फवारा उलटत होता. त्या हंगामात विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात किती भिनले, हे रक्तातल्या कोलिनएस्टरेजच्या तपासणीवरून कळते. तेव्हा यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात या तपासणीची सोय नव्हती.

विष गावोगावी दुकानात मिळत होते, विषबाधेची तपासणी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हती. या विसंगतीचे मूळ सरकारच्या जमाखर्चात आहे. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यातला निम्मा वाटा राज्याचा. पण फवारणी करताना कोसळलेल्या मजुरावर होणारा खर्च या जमेशी कुठेच जोडलेला नाही. तो येतो आधीच ओढाताणीत असलेल्या सरकारी रुग्णालयावर, नाहीतर थेट त्या घरावर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. शेतमजुराच्या घरी याचा अर्थ बहुतेक वेळा उसनवारी किंवा सावकार असाच होतो.

विषाचा वापर कमी करण्याचा एक मार्ग मात्र शेतातच आहे. मेटारायझियम किंवा बिव्हेरिया या बुरशीचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, तिथेच रुजतो, विकरांनी कातडी भेदून आत शिरतो आणि शरीरभर वाढतो. चार ते दहा दिवसांत कीड मरते. पुरेसा ओलावा असेल तर मेलेल्या किडीवर हिरवी किंवा पांढरी बुरशी उगवते आणि तिचे बीजाणू पुढच्या किडीपर्यंत पोहोचतात. २०१८ मध्ये भारतात शिरलेली लष्करी अळी मक्यावर अशी बुरशीने मेलेली आढळली, तीही कुणी काही न फवारता. उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून जमिनीत देतात. हरभऱ्याची मर रोखण्यासाठी ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची बीजप्रक्रिया अनेक शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत.

यात नवल काही नाही. रेशीमकिडे मारणारा रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीच्या आगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्येच दाखवले; त्या बुरशीचे बिव्हेरिया बासियाना हे नाव त्यांच्यावरूनच पडले. म्हणूनच जालना-बीडकडे तुतीच्या आसपास बिव्हेरिया फवारताना आजही जपावे लागते.

मग शेतकरी रसायनच का उचलतो? कारण ते लगेच गुण दाखवते आणि कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. बुरशीला ओलावा लागतो, संध्याकाळची फवारणी लागते, बुरशीनाशकात ती मिसळून चालत नाही. शिवाय ती जिवंत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीत बरेचसे बीजाणू मेलेलेच असतात. अशी पुडी वापरून हात पोळलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही आणि त्याला दोष देता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बायोमिक्सला मोठी मागणी असते, कारण माल खात्रीचा असतो. ही खात्री तालुक्याला पोहोचवायची तर प्रयोगशाळा, थंड साठवण आणि पुडीत जिवंत बीजाणू किती, याची नियमित तपासणी हवी. सप्टेंबर २०२५ पासून बिव्हेरिया, ट्रायकोडर्मासारख्या काही जैविक कीडनाशकांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. पण कर कमी झाल्याने मेलेली बुरशी जिवंत होत नाही.

कीटकनाशकांवरचा कर आणि विषबाधितांवरचा खर्च यांची सांगड फ्रान्सने घातली आहे. तिथे २०१२ मध्ये शेतीतल्या कीटकनाशकांमुळे होणारा पार्किन्सन हा व्यावसायिक आजार मानला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षेच्या वित्त कायद्याने कीटकनाशकांच्या बळींसाठी भरपाई निधी उभारला आणि त्याच्या पैशाचा एक स्रोत आहे कीटकनाशकांच्या विक्रीवरचा कर. डेन्मार्कने २०१३ पासून औषध माणसाला आणि निसर्गाला जितके घातक तितका त्यावरचा कर जास्त, अशी रचना केली.

महाराष्ट्राने नवा कर लावू नये. कापूस उत्पादकाच्या गळ्याशी आधीच पुष्कळ काही आहे. कीटकनाशकांवरच्या जीएसटीतून राज्याला मिळणाऱ्या रकमेचा ठरलेला हिस्सा अर्थसंकल्पात स्वतंत्र काढावा. निम्मा मित्रबुरशीच्या प्रयोगशाळांना द्यावा, निम्मा कापूसपट्ट्यातल्या रुग्णालयांना. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णाचे बिल भरते, पण तालुक्याला व्हेंटिलेटर, ॲट्रोपिन या उताऱ्याचा पुरेसा साठा आणि विषबाधा ओळखणारा डॉक्टर आयत्या वेळी उभा करू शकत नाही. ही तयारी जुलैत पंप खांद्यावर चढण्याआधी व्हायला हवी आणि त्यासाठीचा पैसा मार्चच्या अर्थसंकल्पातच दिसायला हवा.