फणसाची जात विचारा

मे महिन्यात अकलूजच्या बाजारात घाट चढून आलेले फणस दिसू लागले, की आमच्याकडचे गिऱ्हाईक एवढेच विचारते, ‘गोड निघेल ना?’ आंब्यात हापूस की पायरी यावर तासभर वाद घालणारे आम्ही देशावरचे लोक फणसाची जात कधी विचारीत नाही. मला ही गोष्ट साधी वाटत नाही.

कोकणी माणसाचा पहिला प्रश्न असतो, कापा की बरका? काप्याचा गरा घट्ट, दाताखाली कुरकुरणारा. बरक्याचा मऊ, रसाळ, घशाखाली आपसूक उतरणारा. फणसपोळीला आणि सांदणांना रस लागतो तो बरक्याचा. पण ही झाली केवळ दोन घराणी. फणसात परपरागण होत असल्याने आठळीतून उगवलेले झाड आईसारखेच निपजेल याचा नेम नसतो. गोडी, वास, गऱ्याचा रंग, सगळे झाडागणिक बदलते. म्हणजे परसातले एक झाड तोडले, की बहुधा एक जातच संपते. ज्वारीचे बी कणगीत राखता येते. आठळी मात्र वाळली की रुजत नाही. राखायचे ते झाडच, नाहीतर त्याचे कलम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जात निवडून दिली, हे चांगलेच झाले. पण एका जातीने शंभर परसांची उणीव भरत नाही.

फणसाचा गोतावळाही मोठा आहे. काप करून तव्यावर परतला जाणारा नीरफणस हा मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांचा. त्याचीच रोपे ताहितीहून नेताना १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले. सह्याद्रीच्या रानात रानफणस आहे, आंबट फळाचा लकुच आहे. मलायात चेंपेडाक आहे. आणि आमच्या नीराकाठचे वड, पिंपळ, उंबर, अंजीर, तुती हेही त्याच कुळातले. फणस आम्हाला परका नाहीच.

मग काळजी कसली? बरका प्रवासात टिकत नाही, म्हणून व्यापारी कापा उचलतो. बरक्याला भाव नाही, आणि फणसाचे लाकूड तर उत्तम. तंजावरची वीणा त्याचीच होते. अशा वेळी मालकाने कुऱ्हाडीकडे पाहिले, तर त्याला एकट्याला दोष कसा द्यावा? केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळाचा मान दिला. मान हवाच, पण झाड जगते ते गिऱ्हाइकावर.

बरका फणस घाट चढत नसला, तरी त्याची पोळी चढते. ती मागावी. विक्रेत्याला जात विचारावी, गावही विचारावे. आज त्याला उत्तर देता येणार नाही. पण दहा जणांनी विचारले, तर पुढच्या खेपेला तो बागवाल्याला विचारून येईल. आपल्या दारच्या झाडाची कोणी चौकशी करते आहे, हे कळलेला माणूस ते तोडण्याआधी थोडा थांबतो.