मागच्या बाकावरची उमेदवारी

जालना जिल्ह्यातील शाळांतून वर्षाच्या काही ठरावीक आठवड्यांत एक दृश्य हमखास दिसते. वर्गाच्या अगदी मागे, मुलांसाठी केलेल्या बाकावर अवघडून, एखादी वीस-बावीस वर्षांची तरुणी किंवा एखादा तरुण वही उघडून बसलेला असतो. मुले मधूनमधून मान वळवून पाहतात, वर्गशिक्षक नेहमीपेक्षा थोडे जपून बोलतात, आणि तासाची घंटा झाली की वहीवर एक सही होते. हे छात्राध्यापक होत. बी.एड. किंवा डी.एल.एड. या पदव्या-पदविकांसाठी त्यांना शाळेत जी उमेदवारी करावी लागते, तिला शासनदरबारी 'आंतरवासिता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. उद्या ज्यांच्या हाती आपली मुले सोपवावयाची, ते आज त्या बाकावर नेमके काय शिकत आहेत, हा प्रश्न प्रत्येक सुजाण पालकाच्या जिव्हाळ्याचा असावयास हवा. आमच्या मते या प्रश्नाचे आजचे उत्तर समाधानकारक नाही. आणि त्याचा दोष त्या तरुणांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

नियमांची उणीव नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे विनियम काढून बी.एड.चा एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व २०१५-१६ पासून तो अमलात आला. पूर्वी ठरलेल्या संख्येइतके सराव पाठ घेतले, ते मोजले गेले, की छात्राध्यापक मोकळा होत असे. नव्या नियमांनी दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेच्या कामासाठी राखून ठेवले. त्यांपैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षीचे. आणि या सोळांतला आरंभीचा एक आठवडा निव्वळ नेहमीच्या शिक्षकाचा नेहमीचा वर्ग पाहण्यासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचा संकल्प सोडला आहे. आधी पाहावे, मग हाताखाली काम करावे आणि शेवटी स्वतंत्रपणे शिकवावे, हा क्रम शहाणपणाचा आहे. सुतार, सोनार, वैद्य, गवई सारेच असे शिकत आले. मग अडते कोठे?

अडते ते दोन ठिकाणी, आणि ही दोन्ही ठिकाणे परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत. पहिल्या टोकाला ही उमेदवारी केवळ कागदावर उरते. निरीक्षणाच्या वहीतले रकाने घरी बसून भरले जातात. शिक्षकांनी प्रस्तावना चांगली केली, फलकलेखन नीटनेटके होते, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद समाधानकारक होता, अशी तीच ती वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात आणि मुख्याध्यापकांच्या शिक्क्याने त्यांना पावित्र्य येते. दुसऱ्या टोकाला शाळेत शिक्षकच पुरेसे नसतात. तेथे छात्राध्यापक आला की मुख्याध्यापकांना हायसे वाटते. ज्या वर्गाला शिक्षक नाही तो वर्ग त्याच्या हवाली केला जातो. मग परिपाठ घेणे, हजेरी मांडणे, पोषण आहाराची पंगत सांभाळणे आणि उरल्या वेळात वर्ग गप्प बसविणे, एवढ्यातच त्याचा दिवस सरतो. पहिल्या ठिकाणी तो काहीच पाहत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला दाखविणारे कोणी नसते. परिणाम मात्र एकच. सोळा आठवड्यांचा दाखला त्याच्या पदरात पडतो आणि शिकविण्याची विद्या होती तेथेच राहते.

वास्तविक जालन्यासारख्या जिल्ह्यात मागच्या बाकावरून दिसण्यासारखे पुष्कळ आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या तेव्हाच्या जिल्ह्यांचे तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला. पोलादाच्या गिरण्या, बियाण्यांचा व्यापार आणि मोसंबीच्या बागा यांमुळे त्याचे नाव झाले. तथापि २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ७२ टक्के भरली. त्या वेळी सबंध राज्याची ८२ टक्क्यांच्या पुढे होती. या दहा टक्क्यांच्या अंतराचा उलगडा कोणत्याही शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात होणार नाही. तो वर्गात होतो. मंठा-परतूर भागातील एखाद्या तांड्यावरची मुलगी घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत पुस्तकी मराठीपुढे मुकी होते. तासाच्या गडबडीत शिक्षकाला ती मंद वाटू शकते. पण तीच मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणींशी किती तडफेने भांडते, हे मागे बसणाऱ्याला दिसते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की घनसावंगी, अंबड या बाजूंच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्यांची मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात ती शाळेत टिकतात. जी आईबापांबरोबर जातात त्यांची जागा रिकामी पडते. ही मुले परत आल्यावर भागाकाराच्या मध्येच येऊन बसतात, आणि हातच्याची वजाबाकी त्यांच्या हातून निसटून गेलेली असते. अशा मुलाला कोठून धरावे आणि कोठे आणून सोडावे, हे अनुभवी शिक्षकाला ठाऊक असते. त्याने ते कोठे लिहून ठेवलेले नसते. ते पाहूनच शिकावे लागते.

येथे आणखी एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. अध्यापक विद्यालयातील सारा सराव एक वर्ग, एक विषय आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक तास गृहीत धरून चालतो. हर्बार्टच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पंचपदीची छाया आजही पाठाच्या टाचणांवरून हललेली नाही. परंतु खेड्यातील लहान शाळेचे वास्तव निराळे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. पहिलीला अक्षरे गिरवायला बसवावे, दुसरीला उजळणी सांगावी आणि तेवढ्यात चौथीचे गणित तपासावे, अशी ही तारेवरची कसरत असते. रंगीत तक्त्यांनी सजलेला, तीन दिवस तयारी करून घेतलेला एका तासाचा पाठ या ठिकाणी कितीसा उपयोगी पडणार? ज्याला पोहायला नदीत उतरायचे आहे, त्याला आपण हौदाच्या काठावर बसवून हातपाय मारायला शिकवीत आहोत.

शिक्षकाने शिकविण्यापूर्वी स्वतः शिकले पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले होते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक द्यावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून द्यावेत आणि त्यांना बरे वेतन द्यावे, असा आग्रह धरला होता. याच जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी 'दासबोधा'त लेखनक्रियेवर एक समास खर्ची घातला, आणि त्यात कागद, शाई व अक्षराचे वळण यांपर्यंतचे बारकावे सांगितले. शिकविण्याची विद्या अशा बारकाव्यांत असते, मोठ्या तत्त्वांच्या पाठांतरात नसते, याचा तो जुना दाखलाच आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळा लोकांनी पदरमोड करून उभ्या केल्या. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणात येण्यापूर्वी हिप्परगा आणि पुढे आंबेजोगाई येथील शाळांतून शिकवीत होते. ज्या भूमीत शिक्षकाने लोकांना उभे केले, त्याच भूमीत शिक्षक घडविण्याचे काम सही-शिक्क्यावर भागावे, ही खेदाची गोष्ट आहे.

रोगाचे निदानही जुनेच आहे. डॉ. दौ. सिं. कोठारी अध्यक्ष आणि आपले जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने, अध्यापक विद्यालये शाळांपासून तुटलेली आहेत, असे स्पष्टपणे नोंदविले. पुढे महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. त्या आयोगाच्या २०१२ च्या अहवालातही शाळेतील अनुभवाच्या दुबळेपणाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. हा दुरावा एखाद्या व्यक्तीच्या निष्ठेने मिटू शकतो, याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. शिक्षकांच्या शिक्षिका म्हणून आयुष्य घालविलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' काढले आणि जे शिकविले ते लहान मुलांच्या वर्गात करून पाहिले. परंतु प्रत्येक जिल्ह्याला लीलाताई मिळणार नाहीत. जे व्यक्तीने केले ते व्यवस्थेला करता आले पाहिजे.

आमच्या मते या व्यवस्थेत एक माणूसच विसरला गेला आहे. तो म्हणजे ज्याच्या वर्गात छात्राध्यापक बसतो तो वर्गशिक्षक. 'आंतरवासिता' हा शब्द आपण वैद्यकीय शिक्षणावरून घेतला. पण शब्दाबरोबर जबाबदारी घ्यायला विसरलो. रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर कोणाच्या हाताखाली आहे हे ठरलेले असते, आणि रुग्णाचे बरेवाईट झाले तर वरिष्ठाला उत्तर द्यावे लागते. शाळेत वर्गशिक्षकाला या कामाबद्दल ना वेळ मिळतो, ना मानधन, ना गुणदानात वजन. वहीवर सही करणे एवढाच त्याचा अधिकार. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे, म्हणून खात्रीने सांगतो की नवा शिक्षक जे काही शिकतो ते पुष्कळसे शेजारच्या वर्गातल्या जुन्या शिक्षकाकडून शिकतो. त्या जुन्या शिक्षकालाच या विद्यादानात आपण पाहुण्यासारखे दाराबाहेर उभे केले आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. दहा-बारा छात्राध्यापकांचा जथा एका शाळेवर उतरविण्याऐवजी दोघे किंवा तिघे पाठवावेत. चांगल्या वर्गशिक्षकांची मार्गदर्शक म्हणून नावानिशी नियुक्ती करावी, त्यांना अल्प का होईना मानधन द्यावे, त्या काळात त्यांच्यावरची अशैक्षणिक कामे कमी करावीत आणि मूल्यमापनात त्यांच्या मताला स्थान द्यावे. उमेदवारीचे काही आठवडे दोनशिक्षकी शाळेत काढणे सक्तीचे करावे. सजविलेल्या टाचणवह्यांऐवजी प्रत्येक छात्राध्यापकाने एका मुलाकडे महिनाभर बारकाईने पाहून ते मूल कोठे अडले, का अडले आणि कशाने पुढे सरकले, एवढे लिहावे. असे एक टिपण शंभर तक्त्यांच्या तोलाचे होईल. आणि रिक्त जागेवर छात्राध्यापकाला एकट्याने उभे करण्यास स्पष्ट मनाई असावी. शाळा, अध्यापक विद्यालये आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र बसून वर्षारंभी याची आखणी केली, तर यातील बहुतेक गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज पडणार नाही.

आक्षेप येतील, आणि ते सारेच अनाठायी असतील असे नाही. आमच्या मुलांवर शिकाऊ हात का, असे पालक विचारतील. त्यांना उत्तर हे की अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालचा शिकाऊ हात हा देखरेखीविना नोकरीवर रुजू झालेल्या न शिकलेल्या हातापेक्षा कितीतरी निर्धोक. एस.टी.चे भाडे आणि दूरचे गाव यांचा प्रश्न छात्राध्यापक काढतील. तो खरा आहे, म्हणून प्रवासाचा खर्च त्यांच्या माथी न मारता विद्यावेतनाच्या रूपाने द्यावा. सर्वांत कठीण प्रश्न त्या तरुणाचा आहे. पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मग वर्षानुवर्षे लांबणारी भरती. नोकरीचाच भरवसा नसताना मी बाकावर बसून जीव ओतून का शिकावे? या प्रश्नापुढे उपदेश थिटा पडतो. शासनाला चांगले शिक्षक हवे असतील तर भरती वेळच्या वेळी केली पाहिजे. अन्यथा उमेदवारीच्या सुधारणेच्या साऱ्या योजना वाळूत पाणी ओतण्यासारख्या ठरतील.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण मुलांच्या निकालाविषयी सहज म्हणतो. तो आड शाळेच्या मागच्या बाकावर खणला जात असतो, आणि तेथे आज कोणाचे लक्ष नाही. आपल्या मुलाच्या वर्गात छात्राध्यापक आला आहे असे कळेल, तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे की त्याला शिकवीत कोण आहे? या साध्या प्रश्नाला प्रत्येक शाळेत एका शिक्षकाचे नाव उत्तरादाखल मिळू लागेल, त्या दिवशी सोळा आठवड्यांच्या त्या भारदस्त शब्दाला अर्थ येईल.